पाताळातली गाडी उचगावात

कोल्हापुरातली कुठलीही वस्तू निकामी झाल्यावर शेवटी कुठे जाते, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे. ते माझ्या वहिनीचे वडील. आमच्या घरात सगळे त्यांना मामा म्हणतात. उचगावच्या एका फौंड्रीत त्यांनी चाळीस वर्षं भट्टी सांभाळली, म्हणजे भंगार वितळवून त्याचा रस केला आणि त्या रसातून पंपाच्या बॉड्या ओतल्या. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोखंडाशी त्यांची व्यक्तिगत ओळख आहे. मंगळवार पेठेतून त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे वेळ हाताशी ठेवूनच निघावं लागतं. ते मध्येच थांबतात आणि गटाराच्या झाकणाकडे बोट दाखवतात. "ह्यात सिनेमाच्या टॉकीजच्या खुर्च्या हायत. बाल्कनीच्या." एका पुढाऱ्याची जीप त्यांच्याच हातून वितळली होती आणि तिचा पंप होऊन कागलकडच्या एका शेतावर गेला होता. त्या जीपबद्दल त्यांचं मत अनुकूल आहे. "आयुष्यभर धुरळा उडवला," ते म्हणतात, "आता पाणी तरी उपसतीय."

मामांच्या शर्टाच्या खिशात कायम एक लोहचुंबक असतं, जुन्या रुपयाएवढं, झिजून गुळगुळीत झालेलं. भावाचं लग्न ठरवायला ते आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी खिडकीचे गज, दाराची कडी आणि देवघरातली समई यांना ते लावून पाहिलं. समई पितळेची आहे ही आमच्या घराची तीस वर्षांची समजूत होती. चुंबक टक्कन चिकटलं. मामांनी ते शांतपणे काढून खिशात टाकलं आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "माणसं चोख हायत. समई तेवढी आतनं लोखंडी हाय." माझ्या आईने आठ दिवस त्या समईत वात घातली नाही. लग्नात मामांनी रुखवतातली भांडीही तपासली. ती त्यांनीच मुलीला दिलेली होती, ही गोष्ट त्यांना तपासणीच्या आड येण्याइतकी मोठी वाटली नाही. मी शेजारी उभा होतो, म्हणून मला त्या दिवशी एक धडा मिळाला. चांगल्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, हे मला माहीत होतं. मामांनी पातेलं उचलून काठाला चुंबक लावलं, तर ते किंचित चिकटलं. मी म्हणालो, "मामा, फसवलं तुम्हाला." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "धाकलं पावणं, काठ पिळून वळवलेला असतोय. वाकवल्या जागी चुंबक खोटं बोलतंय. नेहमी बुडाला लावायचं." बुडाला चिकटलं नाही. हा धडा मी नंतर पुष्कळ दिवस विसरलो होतो.

नवीन वस्तू घेतली की लोक ती नातेवाइकांना दाखवायला नेतात. आमच्या नात्यात ती मामांपासून लपवतात. त्यांच्या पुतण्याने मोटारसायकल घेतली, हार घातला, लिंबू ठेवलं, पेढे वाटले. मामांनी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "पंधरा वर्षं. मग हमीदभाईकडं येतीया ही." हमीदभाई म्हणजे उचगावातल्या भंगाराच्या यार्डाचे मालक आणि मामांचे जुने स्नेही. पुतण्याचा चेहरा पडला. मामांना त्याचं कारण कळलं नाही. गाडीला पुढे जायला चांगली जागा आहे, हे त्यांनी कौतुकानेच सांगितलं होतं.

भट्टीवर त्यांनी एक रिवाज पाडला होता. दसऱ्याला भट्टीपुढे नारळ फोडतात, ते सगळीकडेच. मामांनी त्यात भर घातली. कुठल्याही वाहनाचं भंगार आलं की ते आधी विचारायचे, कुठलं, काय करत होतं, किती वर्षं. उत्तर मिळालं की त्यातल्या एका तुकड्याला हळदकुंकवाचं बोट लावायचे आणि म्हणायचे, "बरं, चला." मगच तो तुकडा आत जायचा. उत्तर मिळालं नाही तर माल तासभर तसाच पडून राहायचा आणि मामा त्याच्याकडे बघत बसायचे. थोरले मालक याला वेळेचा अपव्यय म्हणत, पण मामा भट्टीवर असताना एकही हीट, म्हणजे भट्टीचा एकही घाणा, वाया गेला नाही, हेही तेच सांगत.

निवृत्तीच्या दिवशी फौंड्रीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते गेटावर हजर होते. वॉचमन म्हणाला, "मामा, काल तुमचा कार्यक्रम झाला की." मामा म्हणाले, "व्हय. त्यातलंच घड्याळ बघून आलोय." थोरल्या मालकांना माणसं कळत असत. त्यांनी मामांना गेटावर बसवलं. येणारं भंगार चुंबक लावून बघायचं, चिकटलं तर पास, एवढंच काम. बसायला खुर्ची देऊ केली, ती मामांनी नाकारली आणि मोडीत निघालेल्या एसटी बसमधलं दोघांचं बाकडं भट्टीच्या तोंडातून परत मागून घेतलं. ते कायम खिडकीकडच्या बाजूला बसत. खिडकी अर्थातच नव्हती. पुढची सहा वर्षं हे बाकडं हा त्यांचा पत्ता होता. घरी नसले तर तिथे, आणि घरी ते नसतच.

भुयारी गाड्यांचं खूळ मामांच्या डोक्यात माझ्या पुतणीने घातलं. तिने आजोबांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतल्या जमिनीखालून धावणाऱ्या गाडीचे जुने डबे बोटीवरून नेऊन समुद्रात ढकलून देतात, ते तळाशी बसतात आणि त्यांच्यात मासे राहायला येतात. मामांनी ती चित्रफीत एका बैठकीत अकरा वेळा पाहिली. पहिली प्रतिक्रिया धंद्याची होती. "मीठ हाय की समुद्रात. गंजणार." चौथ्या वेळी ते गप्प झाले. अकराव्या वेळेनंतर म्हणाले, "चाकं काढून घेतल्यात, दारं काढल्यात, आतनं धुतलंय, पुसलंय. नवरी पाठवत्यात तसं पाठवत्यात की."

त्यानंतर दोन-तीन महिने मामांशी दुसऱ्या विषयावर बोलणं शक्य नव्हतं. कुठल्या देशात जुन्या डब्याचं काय करतात, हे पुतणी त्यांना शोधून देई आणि ते निकाल देत. डब्याचं वाचनालय केलं, हे त्यांनी मान्य केलं. डब्याचं हॉटेल केलं, हे त्यांना अजिबात आवडलं नाही. "रिटायर झाल्यावर लोकांची खरकटी बघत बसायचं व्हय?" कटिंगच्या दुकानात, दूध घालायच्या रांगेत, एकदा तर गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या रक्षाविसर्जनाला गेले असताना तिथेही त्यांनी माशांची हकीकत सांगितली. तिथल्या मंडळींना ती विसंगत वाटली नाही. दिवंगताचे चिरंजीव डोळे पुसत म्हणाले, "मामा, बरं वाटलं ऐकून."

आणि मग एके दिवशी हमीदभाईंचा फोन आला. "मामा, तुमची ती पाताळातली गाडी आलीया."

कोलकात्याच्या भुयारी रेल्वेचे काही जुने डबे लिलावात निघाले होते. तिथे ते कापले गेले, दोन-चार व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरले आणि त्यातला एक डबा, तुकड्यातुकड्यांनी, एका ट्रकमधून उचगावला पोचला होता. मामांनी इस्त्रीचा पायजमा घातला, टोपी घातली आणि कपाटातून ती निवृत्तीची शाल काढली. मामींनी विचारलं, "कुणाचं लगीन?"

"लगीन न्हाय. पावणं आल्यात. लांबचं."

"मग जेवाय बोलवा," मामी म्हणाल्या.

"ती जेवत न्हाईत. चाळीस-चाळीस माणसं पोटात घेऊन हिंडल्यात, त्यांचं पोट भरलंय."

मला त्यांनी बरोबर नेलं, कारण मी वर्तमानपत्रात काम करतो आणि अशा वेळी कोणीतरी लिहिणारं हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. यार्डात पत्र्याचे मोठे तुकडे पडले होते. खिडक्यांच्या जागी गोलसर कोपऱ्यांची भोकं होती. एका पत्र्यावर बंगाली अक्षरांची अर्धी ओळ उरली होती. बाजूला सात दांडे तारेने बांधून ठेवलेले होते, उभ्याने प्रवास करणारे धरतात तसले. मशीनने उपटताना सगळे एकाच जागी वाकलेले. मामा शाल सावरत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी एक दांडा मुठीत धरला. हमीदभाई म्हणाले, "काय मामा, वळख लागली का?"

"लागली की," मामा म्हणाले. "एकदा हावड्याला गेलतो, नवी भट्टी बघायला. तवा ह्या गाडीनं हिंडलोय. एका टोकापास्नं दुसऱ्या टोकापत्तर उभा हुतो, असाच धरून."

"जागा मिळाली न्हाय?"

"रिकामी हुती की गाडी. पर बसलो असतो तर झोप लागली असती, आणि ठेसन गेलं असतं." मग जरा वेळाने, "अंधारात गाडी चालली म्हंजे माणूस काय धरतंय? दांडाच धरतंय."

दुसऱ्या दिवशी तो माल फौंड्रीत आला. पुढचं मी नंतर मामा आणि हमीदभाई अशा दोघांकडून ऐकलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही, म्हणून देतो. मामांनी नेहमीप्रमाणे पत्र्याला हळदकुंकू लावलं. चुंबक लावलं, पत्रा पास केला. सातही दांड्यांना चुंबक लावलं, तेही पास केले. "बरं, चला" म्हणाले आणि सगळं एकदम भट्टीत गेलं.

ते दांडे स्टेनलेसचे होते. स्टेनलेस या भट्टीत चालत नाही. त्यातलं क्रोमियम रसात उतरलं की ओतीव काचेसारखं कडक होतं. फौंड्री लहान, रसाचा नमुना तपासायला शाहूपुरीतल्या प्रयोगशाळेत जातो आणि कागद संध्याकाळी येतो. तोवर ओतकाम होऊन गेलेलं असतं. कागद यायच्या आधीच कामगारांना कळलं होतं, कारण पंपाच्या पहिल्या बॉडीला भोक पाडताना ड्रिल मोडलं. दुसऱ्या बॉडीला दुसरं मोडलं. तिसऱ्याला कोणी हात लावला नाही. मामांच्या चाळीस अधिक सहा वर्षांतला हा पहिला वाया गेलेला घाणा.

दुसऱ्या दिवशी, हल्ली कारभार बघणाऱ्या धाकट्या मालकांच्या खोलीत बैठक झाली. हमीदभाई दाराबाहेर उभे होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. फोरमनचं म्हणणं स्पष्ट होतं: भंगारवाल्याने भेसळ केली, मामांच्या डोळ्यांत धूळ फेकली, त्याचा माल उद्यापासून बंद करावा. मामांना नुसतं मान हलवायची होती. बाकडं राहिलं असतं. हमीदभाईंचं यार्ड बहुतांश याच फौंड्रीवर चालतं, तेव्हा ते मात्र राहिलं नसतं.

"हमीदचा काय बी संबंध न्हाय," मामा म्हणाले. "दांडं त्यानं येगळं बांधून दिलतं. पास मी केलं."

"चुंबक लावून?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"व्हय. लावून."

"मग, मामा?"

"मग काय. चुकलं."

धाकटे मालक शिकलेले आहेत आणि स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. ते धातूवर रोखलं की दोन सेकंदांत त्यात काय काय आहे याची यादी पडद्यावर येते. मालकांनी ते मामांनाच आधी दाखवलं, यात अनादर नव्हता, उत्साह होता. मामांनी आपलं चुंबक पुढे केलं. यंत्राने त्याचीही यादी दिली. "हुशार हाय," मामा म्हणाले. "पर हे इचारत न्हाय, कुठनं आला." मालक हसले, मामांच्या पाया पडले आणि म्हणाले, "मामा, आता तुम्ही घरी निवांत बसा." दुपारी फौंड्रीच्या टेम्पोतून एसटीचं बाकडं मंगळवार पेठेत घरपोच आलं.

मामींनी ते दारातच अडवलं. "ह्याला घरात जागा न्हाय. का आता कंडक्टर बी आणताय?" मामांनी वाद घातला नाही, आणि तेच मामींना सहन झालं नाही. दोन दिवसांनी त्यांनी वहिनीला फोन करून सांगितलं, "तुझ्या बाला काय तरी झालंय. दोन दिस झालं, चुंबक खिशात न्हाय. फळीवर ठिवलंय."

मी रविवारी गेलो. मामा घरी नव्हते, बाकडंही नव्हतं. उचगावात त्यांचा अर्ध्या एकराचा तुकडा आहे. त्यात जुनी विहीर आहे, हल्ली तिचं पाणी फक्त उसाला. मी तिथे गेलो तेव्हा दुपार उतरत होती. बाकडं विहिरीच्या काठावर, लिंबाखाली मांडलेलं होतं. शेजारी वाया गेलेल्या घाण्यातल्या पंपाच्या दोन बॉड्या होत्या. मामांनी त्या मालकांकडून मागून घेतल्या होत्या. मालकांनी अडवण्याचं कारण नव्हतं, बाकीच्या बॉड्या वितळवायच्या तर दरवेळी चवीपुरत्याच टाकता येणार होत्या आणि त्यांचा ढीग वर्षभर अंगणात राहणार होता. मामा एका बॉडीला दोर बांधत होते. कोपऱ्यावर हळदकुंकू होतं.

"मामा, हे काय?"

"पंप न्हाय का हा? पंपाची जागा हिरीतच." मग त्यांनी बॉडी माझ्यापुढे धरली, तिच्या पोटातली पोकळी आणि दोन तोंडं दाखवली. "हिकडनं आत जायचं, तिकडनं भाईर. दोन दारं हायत. चिलापी माशास्नी काय अडचण हाय?"

आम्ही दोघांनी दोर धरला. वीसेक किलोचं ते वजन हळूहळू खाली गेलं, पाण्याला लागलं, आणि मामा म्हणाले, "बरं, चला." दोर सैल झाला. दुसरी बॉडीही अशीच गेली. मग आम्ही बाकड्यावर बसलो. खिडकीकडची जागा त्यांची, म्हणून मी दुसरीकडे.

मला तेव्हा रुखवतातलं पातेलं आठवलं. ज्या माणसाने मला शिकवलं की वाकवल्या जागी चुंबक खोटं बोलतं, त्याने सात दांडे तपासले होते. सातही वाकलेले होते. विचारू नये असा प्रश्न विचारणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे, म्हणून मी विचारला.

"मामा, चुंबक कुठं लावलं होतं? वाकल्या जागी?"

मामांनी बाकड्यावरचा लिंबाचा पाला झटकला.

"चिकटलं की ते."

"चिकटलं?"

"जरा कमीच चिकटलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "स्टेनलेस येगळं काढलं की त्याचा बाजार येगळा. पत्रा हितं वितळणार, दांडं कुठं तरी लांब जाऊन त्यांचं डबं-पेलं हुणार. एवढी वरसं एका गाडीत काढल्यात, धाकलं पावणं. अंधारातनं संगं धावल्यात. म्हणलं, आता शेवटाला कशाला ताटातूट करायची? जाऊ दे एकदम. धा-पाच बॉड्या जरा कडक व्हतील, एवढंच वाटलं." ते थांबले. "सात लई झालं. तिथं अंदाज चुकला. ते खरंच चुकलं."

 या कबुलीचा उपयोग कोणाला होण्यासारखा नव्हता, आणि मालकांना सांगितली असती तर त्यांना ती चुकीहून जास्त विचित्र वाटली असती. मी विचारलं, फौंड्रीची आठवण येते का. ते म्हणाले, गेटावर ऊन फार लागायचं, इथं सावली आहे. मग त्यांनी सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. हात तिथेच थोडा वेळ राहिला.

उन्हाचा शेवटचा पट्टा विहिरीच्या कठड्यावरून सरकून पलीकडे गेला. पाणी हिरवं, मग काळं दिसायला लागलं. बॉड्या किती खोल गेल्या होत्या ते दिसत नव्हतं.

"आला," मामा एकदम पुढे झुकून म्हणाले. "एक आला बघा. आत गेला."

मी वाकून पाहिलं. पाणी स्थिर होतं. मला मासा दिसला नाही, शेपटी दिसली नाही, बुडबुडाही नाही. स्वतः पाहिल्याशिवाय कशालाही दुजोरा द्यायचा नाही, असं मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि ते मी आजवर पाळलं आहे.

"दिसला?" मामांनी विचारलं.

"व्हय मामा," मी म्हणालो. "दिसला की."